लिव्हर ट्रान्सप्लांटनंतर हात थरथरतात, पेशंट असंबद्ध बोलतोय, फिट आली... घरच्यांनी काय करायचं

ट्रान्सप्लांट झालं की सगळ्यांचं लक्ष लिव्हरच्या रिपोर्टकडे असतं, पण मेंदूचा आणि नसांचा त्रासही बऱ्याच पेशंटना होतो आणि जास्त करून पहिल्या महिन्याभरातच होतो, म्हणून बोलणं, झोप, हात, चालणं यावर रोज नजर ठेवा आणि काही बदललं तर तारीख टाकून लिहून ठेवा.

हात थरथरणं, डोकं दुखणं, झोप न लागणं हे सगळ्यात कॉमन. बहुतेक वेळा कारण टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन असतं, म्हणजे ट्रान्सप्लांटनंतर प्रतिकारशक्ती दाबायला देतात ती औषधं. रक्तातली त्यांची लेव्हल वाढली किंवा मॅग्नेशियम कमी झालं की त्रास वाढतो, पण लेव्हल बरोबर असतानाही होऊ शकतो, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आलाय म्हणून गप्प बसू नका, सांगा. लेव्हलचं रक्त सकाळची गोळी घ्यायच्या आधी द्यायचं, गोळी घेऊन गेलात तर आकडा फसवा येतो आणि डोस त्याच्यावरच ठरतो. आणि प्लीज, गोळी स्वतःहून बंद करू नका, रिजेक्शन होऊ शकतं, म्हणजे शरीर नवीन लिव्हर नाकारू शकतं! डॉक्टर डोस कमी करतात, एकाच्या जागी दुसरं देतात किंवा मायकोफेनोलेट, एव्हरोलिमस अशा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्याच दुसऱ्या औषधांचा आधार घेतात.

पेशंट असंबद्ध बोलतोय, भास होतायत, अंधुक दिसतंय, एक बाजू लुळी पडली, नीट जागा होत नाही, फिट आली, तर सकाळची वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठा. फिट चालू असताना कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, किती वेळ चालली ते घड्याळात बघा. तिथे शुगर, सोडियम, अमोनिया, इन्फेक्शन तपासतात, स्ट्रोक किंवा रक्तस्रावासाठी सीटी, आणि प्रेस नावाची मेंदूची सूज असेल तर ती एमआरआयमध्ये दिसते, लवकर कळली तर बीपी आटोक्यात आणून आणि औषध बदलून बरेच पेशंट सावरतात. एक लक्षात ठेवा, प्रतिकारशक्ती दाबलेली असल्यामुळे मेंदूत इन्फेक्शन असूनही ताप येईलच असं नाही.

ऑपरेशनआधी सोडियम खूप कमी असेल आणि ते झपाट्याने वर गेलं तर मेंदूच्या देठाला इजा होऊ शकते, मग काही दिवसांनी बोलणं, गिळणं, हातपाय हलवणं अवघड होतं. यावर खास औषध नाही, फिजिओ आणि गिळण्याची थेरपी चालते, म्हणून टीम आधीपासूनच सोडियम हळूहळू वाढवते.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. बाहेरच्या डॉक्टरने दिलेलं कुठलंही औषध ट्रान्सप्लांट टीमला विचारल्याशिवाय सुरू करू नका. फिटसाठीचं फेनिटॉइन, कार्बामाझेपिन टॅक्रोलिमसची लेव्हल पाडतात, म्हणून सहसा लेव्हेटिरासिटाम देतात. उलट क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक), फ्लुकोनाझोल (बुरशीवरचं औषध) लेव्हल चढवतात, ग्रेपफ्रूटसुद्धा. असं औषध बंद केल्यावरही लेव्हल पुन्हा हलते, तेव्हा सुरू करताना आणि थांबवताना दोन्ही वेळा विचारा की पुढची लेव्हल कधी करायची.