हरिश्चंद्रगडावर एक शांत रात्र कशी काढावी

डोंगरात गेलं की मन शांत होतं, असं सगळेच सांगतात. शनिवारी रात्री गडाच्या पश्चिमेच्या कोकणकड्यावर गेलेला माणूस मात्र स्पीकरवरची गाणी ऐकत, चार तास कुडकुडत, दुखरे गुडघे घेऊन परत येतो आणि ‘मजा आली’ म्हणतो. हरिश्चंद्रगडावर शांतता आहे. योगी चांगदेवांनी शके १२३४ मध्ये, म्हणजे इ.स. १३१२ साली, ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ इथेच रचला. पण ती शांतता गडावर पोचल्याबरोबर कुणाच्या हाती पडत नाही. वार कोणता, वाट कोणती, पाठीवर किती किलो आणि बाटलीत किती पाणी, एवढ्या रुक्ष गोष्टींवर ती ठरते.

वार आणि महिना

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी हा काळ धरा आणि सोमवार ते गुरुवार यातली एक रात्र निवडा. सुट्टी मिळत नसेल तर रविवारी दुपारी चढून सोमवारी सकाळी उतरा. गर्दी रविवारी संध्याकाळी उतरून गेलेली असते. महाशिवरात्रीला गडावर यात्रा असते. ती अनुभवण्याची गोष्ट आहे, पण एकांतासाठी जायचं असेल तर तो आठवडा सोडा. तारे बघायचे तर अमावास्येच्या आगेमागे जा. पौर्णिमेला कडा सुंदर दिसतो, पण आकाश फिकं पडतं.

पावसाळ्यात पहिल्यांदाच जात असाल तर मुक्काम टाळा. माथ्यावर धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, आणि टोलार खिंडीकडून येणाऱ्या वाटेवर सारख्याच दिसणाऱ्या टेकाडांमध्ये लोक तासन्‌तास गोल फिरतात.

वाट

पहिल्या मुक्कामासाठी पाचनईची वाट घ्या. पुण्याहून आळेफाटा, ब्राह्मणवाडा, कोतूळमार्गे आणि मुंबईहून कसारा, घोटी, राजूरमार्गे पाचनई गाठता येतं. गावातून गडावरच्या हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापर्यंत साधारण अडीच ते तीन तास लागतात. वाट कड्याच्या पोटातून, सावलीतून जाते आणि चढ अंगावर येत नाही.

खिरेश्वरहून टोलार खिंडीची वाट लांब आहे, चार ते पाच तासांची. खिंडीत वाघाचं शिल्प आहे, त्यानंतर रेलिंग लावलेला कातळटप्पा लागतो आणि मग तो टेकाडांचा पट्टा. चालण्याची सवय असलेल्यांना हीच वाट जास्त आवडते, कारण मन खाली बसायला तिथे पुरेसा वेळ मिळतो. खिरेश्वरातलं नागेश्वराचं मंदिर पाहायला अर्धा तास जास्तीचा ठेवा. बेलपाड्याहून येणारी नळीची वाट हा वेगळाच प्रकार आहे. दगडांनी भरलेली घळ, कातळटप्पे आणि दिवसभराची चढाई. दोर आणि जाणता माणूस सोबत असल्याशिवाय तिकडे वळू नका.

आणि एक चूक जवळजवळ सगळे करतात. शुक्रवारी रात्री शहरातून निघायचं, पहाटे तीनला पायथ्याला पोचायचं आणि न झोपता चढायचं. अशा माणसाला गडावर पोचल्यावर एकच आध्यात्मिक ओढ लागते, ती झोपेची. आदल्या संध्याकाळीच पाचनईत पोचा, कुणाच्या पडवीत सहा-सात तास झोपा आणि सकाळी साडेसहाला चालू लागा.

पाठीवरचं ओझं

एका रात्रीसाठी पाण्यासकट आठ-नऊ किलोच्या वर जाऊ नका. त्यापुढे खांदे बोलायला लागतात आणि मग दुसरं काही ऐकू येत नाही.

पाणी माणशी तीन लिटर. वाटेत ओढे दिसतात, पण जानेवारीनंतर त्यांचा भरवसा नाही. वरच्या टाक्यातलं पाणी भरायचं तर कोणत्या टाक्याचं पिण्याचं हे गडावरच्या दुकानदारांना विचारा आणि उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्ध्या तासाने प्या. मंदिरापुढच्या सप्ततीर्थ पुष्करणीचं पाणी पिऊ नका.

खायला चार भाकऱ्या किंवा दशम्या, चटणी, दोनशे ग्रॅम गूळ-शेंगदाणे, ओआरएसच्या दोन पुड्या. गडावर पिठलं-भाकरी मिळते, पण आडवाराला जाणार असाल तर आदल्या दिवशी गावात सांगून ठेवा, नाहीतर वर चूल पेटलेली नसते. स्वयंपाकासाठी लाकडं तोडू नका, शेकोटीही नको. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो.

डोक्याला बांधायचा टॉर्च आणि जादा सेल हवेतच. मोबाइलच्या उजेडावर रात्री कड्याकडे जाणं हा वेडेपणा आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान एक आकडी होतं, म्हणून स्लीपिंग बॅग, खाली घालायला मॅट, कानटोपी आणि दोन जोड्या मोजे घ्या. सगळ्यात महत्त्वाचा एक कोरडा शर्ट, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. घामाने भिजलेल्या शर्टात संध्याकाळी वाऱ्यावर बसलं की पंधरा मिनिटांत हुडहुडी भरते आणि सूर्यास्त दातखीळ बसलेल्या अवस्थेत बघावा लागतो.

मुक्काम तंबूत करायचा की गुहेत, याचे वनखात्याचे नियम बदलत असतात. पाचनईच्या नाक्यावर प्रवेशशुल्क भरताना तिथेच विचारा.

चालणं

पहिली वीस मिनिटं मुद्दाम हळू चाला. चढताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. तीन शब्दांत धाप लागत असेल तर वेग जास्त आहे. चवड्यावर चढू नका, पूर्ण तळवा टेकवा, म्हणजे पोटऱ्या भरून येत नाहीत. पन्नास मिनिटं चाल आणि पाच-सात मिनिटं थांबा, हे चक्र बरं. त्याहून जास्त बसलं की अंग थंड पडतं आणि पुन्हा उठवत नाही. पाणी तहान लागायच्या आधी, दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट.

एकटं जाऊ नका. तीन ते पाच जणांचा गट पुरे. त्यात एकांत मिळवायची युक्ती सोपी आहे: चढाचा दुसरा तास न बोलता चालायचा, दोघांमध्ये वीसेक पावलांचं अंतर ठेवून. पुढचा आणि शेवटचा वाट माहीत असलेला असावा, आणि जिथे फाटा फुटतो तिथे पुढच्याने थांबून मागच्याला नजरेत घ्यायचं. सुरुवातीला डोक्यात ऑफिस चालू असतं, मग एखादं गाणं अडकतं. अर्ध्या तासाने श्वास आणि पावलं यांची लय जमते आणि डोक्यातली बडबड आपोआप कमी होते, कारण पुढचा पाय कुठे टाकायचा एवढा एकच निर्णय उरतो. तो क्षण पकडून ठेवायला जाऊ नका, निसटतो. मोबाइल विमान मोडवर टाका. तसाही रेंजचा भरवसा नाही, आणि बॅटरी ऑफलाइन नकाशासाठी लागेल.

मंदिर आणि केदारेश्वर

वर पोचल्यावर आधी शर्ट बदला, थोडं खा, मग मंदिरात जा. हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापासून खाली ओढ्याच्या कडेने गेलं की केदारेश्वराची गुहा लागते. आत थंडगार पाण्यात मोठं शिवलिंग आहे. भोवतालच्या चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. तो पडला की कलियुग संपेल असं म्हणतात. खरं-खोटं काहीही असो, त्याला टेकून फोटो काढू नका.

प्रदक्षिणा घालायची तर चढून आल्या आल्या घामाघूम अंगाने पाण्यात उतरू नका, पोटरीत गोळा येतो. वीस मिनिटं बसा, आधी पाय, मग गुडघे, असं हळूहळू उतरा. तळाचा दगड शेवाळलेला आहे, म्हणून पाय घासत टाका. पोरंटोरं आत शिरून ओरडतात, तेव्हा गुहा घुमते. तेच लोक निघून गेल्यावर दहा मिनिटं कोपऱ्यात उभं राहा. छतावरून ठिबकणाऱ्या थेंबाचा आवाज मोजता येतो.

कोकणकडा

मंदिरापासून अर्ध्या-पाऊण तासावर. सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचा, म्हणजे उजेडात जागा, वाट आणि परतीच्या खुणा बघून होतात. कडा आत वळलेला आहे, त्यामुळे काठावर उभं राहिल्यावर पायाखाली काय आहे ते दिसत नाही. काठावर बारीक, सुट्या खड्यांचा घसारा असतो, आणि दरीतून वर येणारा वारा अचानक थांबला की त्याला रेलून उभा असलेला माणूस पुढे जातो. म्हणून नियम एकच: काठापासून तीन मीटरवर पाठपिशवी काढायची, पालथं व्हायचं, सरपटत जायचं, फक्त डोकं बाहेर, आणि मागे एकाने घोटे धरायचे. दगड ओला असेल तर तेही नाही. खाली काही फेकू नका, नळीच्या वाटेने माणसं चढत असतात.

कड्याचं तोंड पश्चिमेला आहे, म्हणून इंद्रवज्र बघायचं तर सकाळी या. ऊन पाठीशी आणि समोर दरीत ढग, असा योग पावसाळ्यात आणि त्याच्या शेवटी जुळतो. ढगावर आपली सावली पडते आणि तिच्या डोक्याभोवती रंगीत कडं उमटतं. गंमत म्हणजे ज्याला त्याला ते स्वतःच्याच सावलीच्या डोक्याभोवती दिसतं, शेजाऱ्याच्या नाही. याचा हवा तो अर्थ काढा.

रात्र आणि पहाट

जेवण आठपर्यंत उरका, नऊला दिवे बंद. डोळ्यांना अंधार सरावायला वीस मिनिटं लागतात, तेवढ्यात कुणी टॉर्च लावला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. रातवा या निशाचर पक्ष्याची हाक ऐकू येते. खरकटं उघड्यावर ठेवू नका, माकडं आणि कुत्री पहाटेच येतात. बूट घालण्याआधी झटका, आत विंचू असू शकतो.

पहाटे साडेचारला उठा. मंदिराच्या आवारात किंवा दगडाला पाठ टेकवून वीस मिनिटं नुसतं बसा, मॅट खाली, कानटोपी वर. आसन जमत नसेल तर पाय लांब करा. मंत्र येत असेल तर म्हणा, नसेल तर आवाज मोजा: जवळचा, मग त्याहून लांबचा, मग सगळ्यात लांबचा. झोप आली तर उभं राहा. काहीच वाटलं नाही, फक्त थंडी वाजली, असंही पुष्कळदा होतं. त्याला अपयश समजू नका आणि परतल्यावर वाढवून सांगू नका.

साडेपाचला तारामतीकडे, म्हणजे गडाच्या सर्वांत उंच शिखराकडे निघा. गणेश गुहेच्या बाजूने वर पाऊण ते एक तास. शेवटचा टप्पा गवताळ आहे आणि दव पडलं की घसरतो. माथ्यावरून पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी, नाणेघाट आणि जीवधन किल्ला दिसतात.

उतरताना

नऊच्या आत उतरायला लागा. बुटाची नाडी घोट्यापाशी घट्ट करा, नाहीतर अंगठा पुढे आपटून नख काळं पडतं. गुडघे किंचित वाकवून छोटी पावलं टाका, काठी असेल तर आधी काठी मग पाय. चढताना राखलेलं अर्धा लिटर पाणी इथे लागतं. आपला सगळा कचरा आपल्याच पिशवीत घेऊन उतरा, आणि ज्यांच्या पडवीत झोपलात त्यांच्याकडे जेवून, हिशेब चुकता करून मग गाडीत बसा.