जॅम झालेला बोल्ट न मोडता कसा काढावा

इंजिनाचं काम घरी काढलं की खरा वेळ इंजिनात जात नाही, बोल्टांत जातो. माझ्या जुन्या मारुती ८०० च्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाचं) गॅस्केट, म्हणजे सांध्यातली पातळ पट्टी, फुटलं होतं. सकाळी गाडी चालू केली की फट-फट आवाज, इंजिन तापलं की जरा कमी. गॅस्केट बदलायला पाऊण तास पुरतो. पण आधी मॅनिफोल्डचे नट काढण्यात माझे दोन दिवस गेले, आणि एवढं करून एक स्टड, म्हणजे इंजिनात रुतलेला बिनडोक्याचा बोल्ट, मी मोडलाच. तो का मोडला ते पुढे सांगतो.

गाडी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभी असते. खारं वारं, चार महिन्यांचा पाऊस आणि एक्झॉस्टची धग, तिन्ही एकाच ठिकाणी भेटले की नट आणि स्टड एकजीव होतात. गंज मूळच्या लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो आट्यांच्या फटीत पाचरीसारखा ठासून बसतो. इंजिनाचं हेड, म्हणजे हे स्टड ज्यात बसतात तो वरचा भाग, ॲल्युमिनियमचं असेल तर दुसरा घोळ: पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटलेले असताना ओल मिळाली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत घट्ट होते. म्हणजे आपली झुंज बोल्टशी नाही, आट्यांत अडकलेल्या या मळाशी आहे. हे एकदा डोक्यात बसलं की पाइप लावून लोंबकळायची इच्छा आपोआप कमी होते.

सुरुवात पान्याला हात न लावता

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण गंजाची खपली नेमकी डोळ्यातच उडते. मग वायर ब्रशने नट आणि बाहेर आलेले आटे चकचकीत होईपर्यंत घासा. हे काम कंटाळवाणं आहे, पण बाहेरचे आटे गंजलेले राहिले तर सैल झालेला नटही बाहेर येता येता पुन्हा तिथेच अडकतो.

आता गोटी (नटावर बसणारा सॉकेट) निवडायची. बारा कोनांची गोटी जॅम बोल्टला लावू नका; ती डोक्याच्या फक्त टोकांना धरते आणि टोकं झिजवते. सहा कोनांची गोटी घ्या. मापही नीट बघा. जपानी घडणीच्या गाड्यांत ८ एमएम आट्यांच्या बोल्टचं डोकं बहुधा १२ चं असतं, युरोपीय गाड्यांत १३ चं. १२ च्या नटावर १३ ची गोटी ‘बसते’ असं वाटतं आणि पहिल्याच झटक्यात नट गोल होतो. गंजून बारीक झालेल्या नटावर उलट करायचं: एक माप लहान गोटी हातोडीने ठोकून घट्ट बसवायची. उघड्या तोंडाचा फिक्स पाना आज डब्यातच राहू द्या.

तेल, आणि मग झोप

डब्ल्यूडी-४० सगळ्यांच्या घरी असतं. १९५३ साली ते बनवलं ते पाणी दूर सारण्यासाठी, नावातला डब्ल्यूडी त्यासाठीच. हलक्या गंजावर चालतं. जुनाट जॅमवर मात्र खास गंज सोडवणारा पेनिट्रेटिंग स्प्रे बरा. तो नसेल तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं एटीएफ ऑइल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळून थेंब-थेंब सोडा. बाटली हलवत राहायची, कारण दोन्ही वेगळे होतात. ॲसिटोन पेट घेतं, हेही लक्षात असू द्या. जुने मिस्त्री रॉकेल आणि इंजिन ऑइल वापरायचे, तेही अगदीच वाया जात नाही.

तेल कुठलं याहून ते किती वेळ मुरलं हे महत्त्वाचं. संध्याकाळी मारा, रात्री झोपायच्या आधी पुन्हा मारा, सकाळी पुन्हा. प्रत्येक वेळी तेल मारल्यावर नटाच्या डोक्यावर हातोडीने आठ-दहा टणक ठोके द्या. फार जोरात नाही, दारावर थाप मारल्यासारखे. त्या कंपनाने गंजाला बारीक भेगा पडतात आणि तेल आत शिरतं. स्टडच्या टोकावर थेट हातोडी मारू नका, आटे चपटे होतील. मध्ये पितळेचा तुकडा धरा.

फिरवताना हाताला काय कळतं

आधी नट किंचित आवळायचा. हो, आवळायचा, पण अगदी केसभर. सैल करायच्या दिशेने गंजाने जी बैठक धरलेली असते ती कधीकधी उलट्या दिशेने पटकन सुटते. मग सैल करायच्या बाजूला हळूहळू वाढता जोर द्या, एकदम हिसका नको.

इथे दोन गोष्टी घडू शकतात आणि दोन्हींचा स्पर्श वेगळा असतो. नट सुटतो तेव्हा ‘कट्ट’ असा कोरडा आवाज येतो, पाना एकदम थोडा सरकतो आणि पुन्हा थांबतो. हा आवाज ज्याने एकदा ऐकला तो विसरत नाही. दुसरं म्हणजे, पाना फिरतोय पण जोर कमी लागत नाही, धातू चिवट रबरासारखा वाटतो, हात सोडला की पाना जरा मागे येतो. तिथल्या तिथे थांबा. नट जागचा हललेला नाही, स्टड पिळला जातोय. अजून थोडा जोर लावला की तो मऊ होऊन तुटेल. माझा स्टड असाच गेला. मला तो मऊपणा कळला होता, पण ‘सुटतोय’ असं मी स्वतःला समजावलं.

आकड्यांत सांगायचं तर ८ एमएमचा साधा बोल्ट साधारण २५ न्यूटन-मीटरला आवळतात. २० सेंटिमीटरच्या पान्यावर हे म्हणजे हाताचे साडेबारा किलो. तोच पाना पाइप लावून ६० सेंटिमीटरचा केला आणि ४० किलोंनी रेटला, तर सुमारे २४० न्यूटन-मीटर होतात. चाकाच्या नटाला पाइप लावा खुशाल. इंजिनावरच्या ८ किंवा ६ एमएमच्या बोल्टला पाइप लावणं म्हणजे लेथवाल्याकडे जायची तयारी.

‘कट्ट’ झालं की लगेच पूर्ण काढायला धावू नका. पाव फेरा सैल, थोडा परत आवळा, तेल मारा, पुन्हा पाव फेरा. टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, मारताना करतात तसंच. जड लागलं की मागे फिरवायचं. एका नटाला दहा मिनिटं लागतील, लागू द्या.

तेलाने ऐकलं नाही तर आच

आच लावण्याआधी आजूबाजूला पेट्रोलची पाइपलाइन, रबरी होज आणि सांडलेलं तेल आहे का बघा. तिथे नुकताच ब्रेक क्लीनर मारला असेल तर गॅसचा टॉर्च पेटवूच नका. क्लोरीनवाले क्लीनर तापले की विषारी वायू सोडतात. अग्निशामक नसेल तर आचेचा विषय गॅरेजवाल्यावर सोडा.

तत्त्व सोपं आहे: बाहेरचा भाग तापवायचा, आतला नाही. नट असेल तर नट तापवा, तो फुगून स्टडला सोडतो. एक्झॉस्टचा पोलादी नट मंद लाल झाला तरी चालतं. लाली गेल्यावर, पण गरम असतानाच, साधी मेणबत्ती आट्यांना टेकवा. मेण वितळून आत ओढलं जातं. त्याचा धूर होतो, तोंड लांब ठेवा.

बोल्ट ॲल्युमिनियममध्ये असेल तर बोल्टभोवतीचं हेड जरा तापवायचं. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे थोडी धगही पुरते. पाण्याचा थेंब चर्र होऊन उडाला की बस्स. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि त्याआधी लाल होऊन इशारा देत नाही. लाल व्हायची वाट बघणाऱ्यांची हेडं भंगारात गेली आहेत.

डोकं गोल झालं, किंवा मोडलंच

डोकं गोल झालं तर कानशीने दोन बाजू सपाट करून ग्रिप प्लायर लावता येतो, किंवा गोल झालेल्या डोक्यासाठी मिळणारी आतून पीळदार गोटी ठोकून बसवता येते. नट असेल तर ग्राइंडरने किंवा छिन्नीने तो उभा चिरून टाका. नट दहा-वीस रुपयांचा, हेड हजारोंचं.

स्टड मोडला आणि थोडा बाहेर असेल तर सर्वांत चांगला मार्ग वेल्डरचा. उरलेल्या तुकड्यावर नट ठेवून आतून वेल्ड करायचा, लाली गेल्यावर पाना लावायचा. नवं डोकं मिळतं आणि वेल्डिंगची धग गंजही सोडवते. माझा तुकडा असाच निघाला, तोही पाच मिनिटांत, दोन दिवस घाम गाळल्यानंतर.

पृष्ठभागाशी सपाट मोडला असेल तर अगदी मधोमध पंच मारून भोक पाडावं लागतं. हे मधोमध होणं हीच सगळी परीक्षा. उलट्या दिशेने कापणारं ड्रिल मिळालं तर उत्तम. भोक पाडता पाडताच कित्येकदा तुकडा बाहेर येतो. इझी-आउट नावाचं, त्या भोकात उलटं फिरवून तुकडा बाहेर काढायचं हत्यार जपून वापरा. ते अतिशय कडक पोलादाचं असतं, आत मोडलं तर साधं ड्रिल त्याला ओरखडाही पाडत नाही. आटेच गेले तर हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवून घ्या.

परत बसवताना

स्टडचे आटे वायर ब्रशने साफ करा आणि भोकात टॅप हलक्या हाताने फिरवून घ्या. ८ एमएमला १.२५ पिचचा (दोन आट्यांमध्ये १.२५ एमएम अंतर) टॅप लागतो. एक्झॉस्टला पितळी नट मिळाले तर तेच घाला, ते पोलादी स्टडला गंजून चिकटत नाहीत. आट्यांवर तांब्याची अँटी-सीझ पेस्ट (पुन्हा जॅम होऊ न देणारी) लावा, बोटाने पातळ. पेस्टमुळे घर्षण घटतं आणि त्याच जोराला बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून कोरड्या बोल्टसाठी दिलेला आकडा थोडा कमी धरा. चाकाच्या नटांना मात्र ही पेस्ट लावू नका.

मॅनिफोल्ड मधल्या नटापासून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन टप्प्यांत आवळा. गाडी अर्धा तास फिरवून आणा, पूर्ण थंड होऊ द्या आणि नट पुन्हा एकदा तपासा. माझे सहापैकी दोन नट तेव्हा पाव फेरा आणखी बसले.