एररमध्ये नाव एकाचं, अडचण भलत्याचीच

पायथनमध्ये पिपने पॅकेज कसं टाकायचं आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट कशासाठी असतं, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून लिहिते आहे. मी जिथे चार दिवस अडकले, तेवढीच जागा नीट दाखवायची आहे.

जून २०२४ मध्ये नम्पाय या आकडेमोडीच्या लायब्ररीचं २.० आलं. २००६ च्या १.० नंतरचं हे पहिलंच मोठं व्हर्जन. त्याच सुमारास मी एक जुना प्रोजेक्ट नव्या मशीनवर उभा करत होते. रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये पॅकेजची नुसती नावं होती, व्हर्जनचे आकडे नव्हते. पिपने सगळं विनातक्रार बसवलं. प्रोग्राम मात्र पहिल्याच इम्पोर्टला कोसळायचा, आणि ट्रेसबॅकमधली, म्हणजे एररसोबत छापल्या जाणाऱ्या फाइलींच्या यादीतली, शेवटची फाइल चित्रांवर काम करणाऱ्या एका लायब्ररीची. ती काढून पुन्हा टाकली, पायथनही बदलून पाहिला. चौथ्या रात्री त्या लायब्ररीच्या इश्यू ट्रॅकरवर, म्हणजे तक्रारी नोंदवायच्या पानावर, लिहिलं: ‘तुमची लायब्ररी चालत नाही, माझं काम अडलंय.’ सोबत स्क्रीनशॉट. उत्तर एका ओळीचं आलं: व्हर्जन कुठली, एरर दाखवणारा छोटा कोड कुठे? आणि इश्यू बंद. ती ओळ आजही टोचते.

आता खरा सापळा. नोव्हेंबर २०२० मधल्या २०.३ पासून पिपचा रिझॉल्व्हर, म्हणजे कुठलं व्हर्जन बसवायचं ते ठरवणारा भाग, कडक झाला. दोन पॅकेजच्या अटी जुळत नसतील तर तो थांबतो. त्यामुळे पिप थांबला नाही म्हणजे भांडण नाही, असं मी धरून चालले. पण पिप फक्त अटी वाचतो, आणि त्या पॅकेज बनवणाऱ्याने रिलीझच्या दिवशी लिहिलेल्या असतात. त्या लायब्ररीच्या जुन्या रिलीझमध्ये नम्पायसाठी फक्त खालची मर्यादा होती, वरची नव्हती. तेव्हा २.० अस्तित्वातच नव्हतं. कागदावर २.० त्या अटीत बसत होतं. प्रत्यक्षात लायब्ररीचा सी भाषेतला भाग १.x समोर ठेवून कंपाइल झालेला, आणि २.० ने ती बायनरी जुळणी, म्हणजे एबीआय, मोडली होती. म्हणूनच ‘पिप चेक’ सुद्धा सगळं ठीक आहे असं सांगतो. तोही तेच कागद वाचतो.

मग जुनं रिलीझ आलंच कशाला? एका तिसऱ्याच पॅकेजने त्या लायब्ररीला जुन्या आकड्यावर बांधून ठेवलं होतं. त्याचं नाव ट्रेसबॅकमध्ये कुठेच नव्हतं. ‘पिपडेपट्री’ हे कुठल्या पॅकेजला कुठलं पॅकेज लागतं ते दाखवणारं टूल उलट्या क्रमाने चालवल्यावर, म्हणजे हे पॅकेज कोणाला हवंय असं विचारल्यावर, ते दिसलं. नम्पायला ‘२ पेक्षा कमी’ अशी अट घातली, १.२६.४ बसलं, प्रोग्राम चालला.

सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. १.x वर कंपाइल केलेलं मॉड्यूल २.० वर चालणार नाही, असं नम्पायने स्वतःच छापलं होतं, ट्रेसबॅकच्या वर. माझ्या स्क्रीनशॉटमध्ये फक्त खालच्या ओळी आल्या होत्या. एरर वरून वाचा, आणि पूर्ण मजकूर चिकटवा. चित्र नको.

‘सगळं उडव आणि पुन्हा टाक’ एवढंच सांगणाऱ्या सीनियरपासून जरा जपून राहा. कधीकधी चालतं, पण का चाललं ते कळत नाही, आणि महिनाभराने तेच पुन्हा समोर येतं. पिपचं ‘नो-डेप्स’, जावास्क्रिप्टच्या एनपीएमचं ‘लेगसी-पीअर-डेप्स’, डेबियन लिनक्सवरचं ‘ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस’ हे पर्याय तक्रार गप्प करतात, जुळणी करत नाहीत. काय मोडतंय ते माहीत असेल तरच वापरा.

मेंटेनरबद्दलही, म्हणजे लायब्ररी सांभाळणाऱ्यांबद्दलही, सांगते. काही जण खरोखर उर्मट असतात आणि नवख्याला त्याचा त्रास होतो. तुम्हाला वाईट वाटलं तर त्यात तुमचा कमकुवतपणा नाही. पण बहुतेक जण हे काम पगाराशिवाय, उरलेल्या वेळात करतात, आणि छोटा कोड ते टाळण्यासाठी मागत नाहीत. तुमचं मशीन त्यांना दिसत नाही, एवढंच.

पुढच्या वेळी मी आधी रिकामं एन्व्हायर्नमेंट बनवलं, त्यात फक्त ते तिसरं पॅकेज टाकलं, सहा ओळींत एरर घडवून दाखवला आणि ‘पिप फ्रीझ’ने दिलेली पॅकेज आणि व्हर्जनची पूर्ण यादी जोडली. इश्यू त्या तिसऱ्या पॅकेजकडे नेला, लायब्ररीवरची अट सैल करता येईल का, असं विचारलं. उत्तर याही वेळी एका ओळीचंच होतं: बदल तूच पाठवशील का? मी पाठवला. बदल एका आकड्याचा होता आणि पुढच्या रिलीझमध्ये तो आला.