‘रिदम नेशन १८१४’ हा अल्बम कसा ऐकावा

अमेरिकन गायिका जॅनेट जॅक्सन यांचा १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अल्बम प्रथमच ऐकणार असाल, तर आधी ॲपमधील ‘शफल’ बंद करावे, कारण याचा अर्थ गाण्यांइतकाच त्यांच्या क्रमात दडलेला आहे. आरंभीची तीन गाणी वर्णभेद, बेघरपणा आणि शिक्षण यांविषयी बोलतात. त्यांच्यामध्ये पेरलेली काही सेकंदांची निवेदने वगळू नयेत. सामाजिक आशयाकडून ‘मिस यू मच’ या प्रेमगीताकडे नेणारे वळण अशाच एका निवेदनात आहे.

पहिल्या वेळी शब्दांचा अर्थ लावत बसू नये. हेडफोन लावून केवळ ताल ऐकावा: शीर्षकगीतात ‘स्लाय अँड द फॅमिली स्टोन’ या अमेरिकन बँडच्या गाण्यातून घेतलेला गिटारचा तुकडा आहे आणि त्याभोवती निर्माते जिमी जॅम व टेरी लुईस यांनी ड्रम मशीनचे कठोर ठोके रचले आहेत.

दुसऱ्या वेळी गीतांचे शब्द समोर ठेवावेत. प्रेमगीतांच्या ओघातच ‘लिव्हिंग इन अ वर्ल्ड’ हे हिंसेच्या सावटाखालील मुलांविषयीचे गाणे येते, आणि माझ्या मते ही जागा निवडण्यातच या अल्बमचे सर्वांत मोठे धाडस आहे, म्हणून तेथे थांबून ते पुन्हा ऐकावे. अखेरची संथ प्रेमगीते मात्र सलग ऐकावीत.

या अल्बममधील गाण्यांवर बेतलेला सुमारे अर्ध्या तासाचा कृष्णधवल लघुपट सर्वांत शेवटी पाहावा. आधी पाहिल्यास त्यातील लष्करी शिस्तीचे नृत्यच डोळ्यांसमोर राहते.