थंडीच्या लाटेआधी परसबागेची तयारी

उत्तरेकडून थंडीची लाट आली की निफाडचा पारा झपाट्याने उतरतो. तो ५ अंशांच्या आसपास आला की द्राक्षबागायतदार रात्र रात्र जागून काढतात. घरामागच्या चार वाफ्यांकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही, आणि महिनोन् महिने जपलेली टोमॅटो-वांगी एका पहाटेत करपतात. डिसेंबरचा दुसरा पंधरवडा आणि जानेवारी हे दिवस धोक्याचे. सोय आधीच करून ठेवा.

बातमीत सांगतात ते तापमान जमिनीपासून सव्वा-दीड मीटर उंचीवरच्या हवेचं असतं. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमिनीची ऊब भराभर वर निघून जाते आणि पानं भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडतात. म्हणून ३-४ अंश सांगितले तरी पानांवरचं दव गोठू शकतं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी गवतावर हिमकण दिसतात, ते असेच. शिवाय गार हवा जड असते. ती उताराने वाहत येऊन सखल कोपऱ्यात साचते. तुमच्या परसात पावसाचं पाणी जिथं तुंबतं, तिथंच थंडीही आधी बसते. मिरची, टोमॅटो, वांगी, घेवडा अशी नाजूक पिकं तिथं नकोतच. घराच्या दक्षिणेकडची भिंत दिवसभर तापते, तिच्या कडेची जागा त्यांना द्या. कुंडीतली रोपं तर सरळ ओट्यावर उचलून आणावीत.

पाणी रात्री नव्हे, दुपारी द्या. कोरडी, भुसभुशीत माती ऊन साठवत नाही. ओली माती साठवते आणि रात्रभर थोडी थोडी ऊब सोडत राहते. वाफा ओला हवा, चिखल नको. विहिरीचं पाणी असेल तर उत्तम. पहाटे ते हाताला कोमट लागतं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी सकाळी बर्फासारखं असतं, ते उन्हं वर आल्याशिवाय झाडांना घालू नका. नाजूक पिकाच्या वाफ्यावर पाचटाचा जाड थर असेल, तर दुपारी तो थोडा बाजूला सारा, म्हणजे ऊन मातीपर्यंत पोचेल.

सगळ्यात मोठा आधार आच्छादनाचा. जुनं लुगडं, चादर, गोणपाट, काहीही चालेल. वाफ्याच्या चारी कोपऱ्यांना काठ्या किंवा तुराट्या रोवा आणि त्यांच्यावरून कापड पसरून कडा थेट जमिनीला टेकवा. कडांवर दगड ठेवा. पुष्कळ जण कापड झाडाच्या शेंड्यावर टाकून खाली खोडाशी गाठ मारतात. त्यानं मातीतून येणारी ऊब बाहेरच राहते आणि सगळी मेहनत वाया जाते. झाकायचं ते सूर्य मावळायच्या आत, मातीत ऊब आहे तोवर. प्लॅस्टिक वापरत असाल तर ते पानाला टेकू देऊ नका, जिथं टेकेल तिथं पान करपतं. सकाळी ऊन अंगावर आलं की आच्छादन काढाच.

शेकोटीबद्दल विचारलं जातं. नुसत्या धुराने थंडी अडत नाही, उपयोग होतो तो आगीच्या उष्णतेचा. घराला लागून असलेल्या एवढ्याशा बागेसाठी रात्रभर आग पेटती ठेवणं मला धोक्याचं वाटतं. कापड त्याहून भरवशाचं.

या दिवसांत युरिया देऊ नका. कोवळी, लुसलुशीत फूट थंडीला आधी बळी पडते. कोबी, मुळा, पालक, मेथी, लसूण यांची फार काळजी नको. गाजर तर गारठ्यात जास्त गोड होतं. वाटाण्याचा वेल तग धरतो, पण फुलं आणि कोवळ्या शेंगा मार खातात, म्हणून भरलेल्या शेंगा लाटेआधी तोडून घ्या. पूर्ण वाढलेले हिरवे टोमॅटोही काढा आणि घरात कागदात गुंडाळून ठेवा, हळूहळू पिकतात.

एवढं करूनही फटका बसलाच, तर पान आधी उकडल्यासारखं ओलसर दिसतं आणि दुपारपर्यंत काळं पडतं. ते पाहून लगेच कात्री चालवू नका. करपलेली पानं खालच्या जिवंत फांदीवर पुढच्या रात्री पांघरूण होतात. आठ-दहा दिवस थांबा, कोवळा कोंब कुठून फुटतो ते पाहा आणि त्याच्या वर छाटा. काकडी, दोडक्याच्या बिया मात्र रथसप्तमीच्या सुमारास, रात्री जरा ऊबदार झाल्यावरच टाका. गार मातीत त्या कुजतात.