मटण सोडायचं नाही पण कमी करायचंय? खिम्यापासून सुरुवात करा

नॉनव्हेज एकदम बंद केलं की थोड्याच दिवसांत परत सुरू होतं, त्यापेक्षा डिश तीच ठेवा आणि प्रमाण कमी करा.

१. ५०० ग्रॅम खिमा लागत असेल तिथे २५० घ्या.
२. उरलेल्या जागी शिजवलेला अख्खा मसूर, नाहीतर बारीक चिरलेले मशरूम. मशरूमला भरपूर पाणी सुटतं, ते मोठ्या आचेवर पूर्ण आटवा, तुकडे तळाला चिकटायला लागले की मगच खिमा टाका, नाहीतर सगळं पचपचीत होतं.
३. मसाला अजिबात कमी करू नका, अर्धी चव त्यातच असते.

फक्त एक, मांस फारच कमी झालं तर बी-१२ साठी अंडी, दूध, दही चालू ठेवा, डाळीतून ते मिळत नाही.