मेस्किटच्या जाळीतली व्हाइटटेलची शिकार: या चुका टाळा

टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओहून दक्षिणेला निघालं की तासाभरात झाडं बुटकी आणि काटेरी व्हायला लागतात. मेस्किट, ग्वाहियो, ब्लॅकब्रश, अधूनमधून छातीएवढं निवडुंग. थेट रिओ ग्रांदे नदीपर्यंत हेच. मेस्किट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीचं भावंड, त्यामुळे माझ्यासारख्या सोलापूरकडच्या माणसाला पहिल्याच दिवशी घरच्यासारखं वाटतं. तिथेच फसगत होते. या जाळीत चाळीस पावलांवर उभा असलेला व्हाइटटेल हरणाचा नर आपल्याला दिसत नाही. त्याला मात्र आपली चाहूल लागलेली असते.

भारतात १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली, म्हणून आपल्यापैकी बहुतेकांनी बंदूक हातात धरली ती इथे आल्यावरच. तेव्हा आधी कागदपत्रं. एच-वन-बीसारख्या व्हिसावर असाल तर वैध शिकार परवान्यासारखा अपवाद लागू असल्याशिवाय बंदूक जवळ बाळगता येत नाही, मित्राची उसनी घेतलेलीसुद्धा नाही. शिवाय २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना टेक्ससमध्ये शिकारीचं प्रशिक्षण सक्तीचं आहे.

नोव्हेंबरातच सगळी रजा संपवणं

मी पहिल्या वर्षी हेच केलं. सॅन अँटोनिओच्या वायव्येला डोंगराळ हिल कंट्रीत शिकार करणारे मित्र म्हणाले, नोव्हेंबरात नर माजावर असतात. खरं आहे, पण त्यांच्याकडे. टेक्ससच्या वन्यजीव विभागाच्या अभ्यासात दक्षिणेच्या काटेरी पट्ट्यात माजाचा भर पूर्वेला १६ डिसेंबरच्या आणि पश्चिमेला २४ डिसेंबरच्या सुमारास आढळला. काही तासांच्या गाडीप्रवासात महिन्याहून जास्त फरक! नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीचे चार दिवस मी हरणांसाठी मका टाकणाऱ्या फीडरवर माद्या आणि पाडसं मोजत बसलो. रजा नाताळासाठी राखा, आणि त्यातही थंडीची लाट आल्यानंतरची सकाळ मिळाली तर सोडू नका.

साडेनऊला मचाण सोडणं

एरवी हरणं पहाटे आणि तिन्हीसांजेला हिंडतात हे बरोबर. पण माजाच्या दिवसांत नर माद्यांच्या मागावर भर दुपारीसुद्धा भटकतो. एकदा सव्वादहाला मी ट्रायपॉडवरून, म्हणजे तीन पायांच्या मचाणावरून, उतरून गाडीकडे निघालो होतो. बंदूक खांद्याला, चेंबर रिकामं, डोक्यात फक्त चहा. साठेक मीटरवर एक दणकट नर जमिनीला नाक लावून सेंदेरो ओलांडून गेला. सेंदेरो म्हणजे जाळी कापून काढलेला सरळ पट्टा. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, हे जास्त लागलं. तेव्हापासून डब्यात धपाटे नेतो आणि दोनपर्यंत बसतो. चिप्सचं पुडकं नेऊ नका. त्याचा कुरकुराट त्या शांततेत फार लांब जातो.

वारा फक्त सकाळी बघणं

इथे वारा बहुधा आग्नेयेकडून, म्हणजे आखाताकडून येतो. नॉर्दर, म्हणजे उत्तरेची थंड लाट, आला की काही मिनिटांत उलटा, उत्तरेकडून. कालची उत्तम जागा आज तुमचा वास थेट जाळीत नेऊन पोचवते. जाणता नर फीडरवर सरळ येत नाही. तो वाऱ्याच्या खालच्या अंगाने, म्हणजे वारा जिकडे वाहत जातो त्या बाजूने, जाळीतूनच फेरी मारतो, वास घेतो आणि मग ठरवतो. म्हणून मोकळा पट्टा वाऱ्याच्या खालच्या बाजूला येईल असं बसा. फीडरकडे टक लावून बसण्यापेक्षा या फेरीच्या वाटेवर नजर ठेवलेली बरी.

दोन सुटी शिंगं एकमेकांवर आपटून, झुंजीसारखा आवाज काढून नराला बोलावतानाही हीच गोष्ट नडते. सिंटनजवळच्या वेल्डर अभयारण्यात १९९० च्या दशकात यावर प्रयोग झाले. हळू आवाजापेक्षा जोरात आपटलेल्या शिंगांना जास्त नर आले, आणि त्यातले बरेच वाऱ्याच्या खालच्या बाजूने. जमिनीवर बसून शिंगं वाजवणाऱ्याला त्यातले कित्येक दिसलेच नाहीत. ते उंच मनोऱ्यावरच्या माणसाला दिसले. तेव्हा ‘काहीच आलं नाही’ असं वाटलं तर आलेलं दिसलं नाही, असं समजा. जोडीने जा, एकाने वाजवायचं, दुसऱ्याने वाऱ्याच्या खाली उंचावर बसायचं आणि बार त्यानेच टाकायचा. दोघांनीही नारिंगी जाकीट घाला. हरणाला नारिंगी आपल्यासारखा भडक दिसत नाही, शेजारच्या शिकाऱ्याला दिसतो.

फांद्यांतून बार टाकणं

जड गोळी झुडूप कापत जाते, ही कॅम्पवरची आवडती थाप आहे. कुठलीही गोळी काडीला लागून वळू शकते. खांद्यामागची जागा मोकळी दिसेपर्यंत थांबा. नाही दिसली तर हरीण गेलं, इतकंच.

बार लागला, हरीण दिसेना

सगळ्यात जास्त हरणं इथे हातची जातात. बार झाला की उतावळा माणूस धावत जाळीत शिरतो आणि जवळच बसलेलं जखमी हरीण उठवतो. उठलेलं हरीण मग कुठवर जाईल, सांगता येत नाही. त्यापेक्षा मचाणावरूनच, हरीण उभं होतं ती जागा आणि जाळीत शिरलं ते झुडूप डोक्यात पक्कं करा, मोबाइलवर फोटो काढा. खाली उतरलं की सगळी मेस्किट सारखीच दिसतात. अर्धा तास थांबा, मग पहिल्या जागी केस आणि रक्त शोधा. फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस. हरीण बहुधा जवळच पडलेलं असतं. काळपट लाल म्हणजे यकृत, तीन-चार तास द्या. हिरवट आणि उग्र वासाचं असेल तर पोट, तिथे सहा तास तरी. अडचण अशी, की डिसेंबरातही दुपारी इथे चांगलं तापतं आणि कोल्ह्यासारखे कायोटी कोणासाठी थांबत नाहीत. अशा वेळी मी स्वतः रक्त तुडवत फिरत नाही, माग काढणारं कुत्रं बोलावतो. या भागात जखमी हरणासाठी दोन कुत्र्यांपर्यंत परवानगी आहे. रात्र असो वा दिवस, जाळीत शिरताना सापाच्या दंशापासून वाचवणारे उंच बूट घाला. ऊबदार हवेत रॅटलस्नेक हिवाळ्यातही बाहेर पडतो.

गेल्या खेपेला दोन तास शोधून मी हात टेकले होते. शेजारच्या रँचवरची कुत्री आली, माझ्या पावलांच्या बरोबर उलट्या दिशेला वळली आणि दहाव्या मिनिटाला निवडुंगाच्या एका बेटामागून भुंकायला लागली. मी त्या बेटाला दोनदा वळसा घालून गेलो होतो.